बादशहाला घाई नव्हती

रोह्याच्या बाजारात कादरभाई चष्मेवाल्यांकडे डोळे तपासायला गेलं, की ते अक्षरांचा तक्ता दाखवत नसत. ते बादशहा दाखवत.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी मूळची पेणची. रोह्याच्या शाळेत बदलून आले आणि चाळिशीला अजून एक वर्ष बाकी असतानाच मुलांच्या वह्या हात लांब करकरून तपासायला लागले. पुढे पुढे हातही पुरेना. तेव्हा नाइलाजानं कादरभाईंच्या दुकानाची पायरी चढले. दुकान म्हणजे एक बाक, एक काउंटर आणि सुतळीला टांगलेल्या फ्रेमा. या सगळ्याच्या मागे कादरभाई. माणूस अंगानं काडी, पण चष्मे तीन. एक नाकावर, एक कपाळावर चढवलेला आणि एक दोरीनं गळ्यात.

त्यांनी माझ्या नाकावर तपासणीची ती जड, गोल फ्रेम ठेवली आणि हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक रंगीत चित्र दिलं.

"वाचा," म्हणाले.

"यात एकही अक्षर नाहीये."

"म्हणूनच सांगतो, वाचा. अक्षरं काय, माणूस पाठबी करून येतो."

चित्र मुघलांच्या काळातलं होतं, म्हणजे त्याची छापील प्रत. आकारानं वहीच्या पानाएवढं. मधोमध झाडाखाली एक साधूपुरुष बसलेला, डोक्यावरून शाल घेतलेला. त्याच्यापुढे एक बादशहा हात जोडून वाकलेला. मागे दोन शिष्य, मोरपिसांचा कुंचा ढाळणारा एक मोरचेलवाला, लांबवर घोडा आणि घोड्याचा मोतद्दार, एक कुत्रा, बरीचशी झाडं. सगळं इतकं बारीक की पाहताना मी आपोआप श्वास रोखून धरला.

"राजाच्या पायात काय हाय?"

"काहीच नाही."

"मंग जोडे कुठं काढलेत?"

जोडे मला दिसेनात. त्यांनी फ्रेममध्ये एक भिंग सरकवलं. जोडे दिसले, कुत्र्याच्या पलीकडे, व्यवस्थित जोडून ठेवलेले. मग दुसरं भिंग. साधूच्या शालीची ठिगळं दिसली, हातातली माळ दिसली. मग तिसरं, आणि माळेचे मणी मोजता आले. मी घाईघाईनं मोजायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"सावकाश. बादशहाला घाई नव्हती, तुम्हाला कसली?"

मणी मोजून झाले. माझा नंबर निघाला. मला वाटलं, संपलं. पण कादरभाई काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून पुढे झाले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आता सांगा बाई, बाई कुठं हाय?"

शिक्षिकेला आपल्याकडे सगळे बाईच म्हणतात. त्यामुळे मी जरा चिडूनच म्हटलं, "ही काय, तुमच्यासमोर बसलेय!"

"तुम्ही नाय हो. चित्रातली बाई."

मी चित्र वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. झाडाच्या फांद्यांतसुद्धा पाहिलं. चित्रात बाई नव्हती. तसं सांगितलं.

"नक्की नाय?"

"नक्की नाही."

त्यांनी एक उसासा टाकला, ड्रॉवरमधून एक लांबट वही काढली आणि तिच्यात काहीतरी लिहिलं. मला वाटलं, माझा नंबर लिहीत असतील. नंबर त्यांनी वेगळ्याच चिठ्ठीवर लिहून दिला. चष्मा उत्तम झाला, पण वहीत माझ्याबद्दल काय लिहिलं असेल ही भुणभुण डोक्यात राहिली. पेणच्या माणसाला आधीच वाटत असतं की डोळ्यांतलं आपल्यालाच कळतं, कारण गणपतींचे डोळे आम्ही रंगवतो. रोह्याच्या एका चष्मेवाल्याला दिसणारी बाई मला दिसू नये, हे काही मला सहन होईना.

म्हणून मी शनिवारची शाळा सुटली की त्यांच्या बाकावर जाऊन बसायला लागले. सबब काहीही. कधी फ्रेम सैल झाली, कधी काच पुसायची. कादरभाई ओळखून होते, पण त्यांनाही ऐकायला कुणीतरी हवंच होतं.

दुकानात येणारी माणसं तऱ्हेतऱ्हेची. कंपनीत शिफ्टला जाणारे, बाजाराला आलेले खांबकडचे भातशेतीवाले, पूल ओलांडून अष्टमी गावाहून येणाऱ्या बायका. प्रत्येकाच्या हातात ते तोच पुठ्ठा द्यायचे. मजा म्हणजे चित्रातला साधू प्रत्येकाला आपलाच वाटायचा. एक म्हणे हा नाथपंथी. दुसरा म्हणे, "छे, ही तर आमच्या दर्ग्यातल्या पिराची बसायची पद्धत." एकदा दोन गिऱ्हाइकांची यावरून चांगलीच जुंपली. कादरभाईंनी दोघांच्याही नाकावरच्या फ्रेमा काढून घेतल्या.

"नंबर काढायला आलायत की जात काढायला?" ते म्हणाले. "बादशहानं इचारली नाय, तुम्ही कोन इचारनारे?"

एका शेतकऱ्यानं मात्र त्यांना जिंकलं. त्यानं साधूकडे पाहिलंच नाही, बादशहाकडेही नाही. चित्र हातात घेतल्याबरोबर म्हणाला, "घोड्याच्या मागच्या पायात खोट हाय." कादरभाईंनी भिंग लावून पाहिलं. खरोखरच घोडा मागचा एक पाय उचलून उभा होता. इतकी वर्षं चित्र त्यांच्याकडे होतं आणि ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. पुढे आठवडाभर ते येईल त्याला घोडा दाखवत होते.

या चित्रापायी त्यांनी आणखी तसली चित्रं गोळा केली. जुनी कॅलेंडरं, मासिकांची पानं, मुंबईच्या फुटपाथवर मिळालेली फाटकी पुस्तकं. पण निवड मोठी कडक. शिकारीचं चित्र नको, लढाईचं नको, दरबाराचं नको. बादशहा साधूपाशी किंवा फकिरापाशी गेलाय, तेवढंच चित्र हवं. मी कारण विचारलं.

"दरबारात सगळे बादशहाकडं बघतात," ते म्हणाले. "तो कुनाकडं बघत नाय. हितं बघा. हितं तो बघतो. वाट तुडवत आला, जोडे काढले, वाकला, नि बघतो. त्यानं थाळीभर सोनं नजर केलं. नि साधूनं काय दिलं?"

"काय?"

"नुसती नजर!" आणि आपल्याच शब्दावर खूश होऊन त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. आता नाकावर दोन चष्मे झाले. हे त्यांचं आनंदाचं लक्षण होतं.

हा विनोद मी पुढे निदान वीस वेळा ऐकला असेन.

मी एकदा विचारलं, "कादरभाई, तुमची एवढी भक्ती असेल असं वाटलं नव्हतं."

"मला भक्ती नुसती बघाया येते, बाई. कराया जमत नाय."

चित्रकारांचीही त्यांना भारी काळजी. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला करून ही माणसं रंगवायची, एकेका मण्यावर उजेडाचा ठिपका द्यायची. कादरभाई म्हणत, "आनी चाळिशी लागली की काय करत असतील? पन्नाशीचा चित्रकार हा मणी काढनार कसा? कुनी लिहून नाय ठेवलं." जणू त्या काळी आपण असतो तर धावत गेलो असतो, अशा सुरात ते हे बोलत.

मुंबईला एका म्युझियममध्ये अशी अस्सल चित्रं आहेत असं त्यांना कळलं, तेव्हा दुकान बंद ठेवून गेले. तिथे काचेच्या पेटीला नाक लावून उभे राहिले. काचेवर श्वासाची वाफ धरली, ती खिशातल्या फडक्यानं पुसायला लागले. पहारेकरी धावत आला आणि अंगावर ओरडला. ओरडता ओरडता त्याचा चष्मा घसरला. कादरभाईंनी खिशातून चिमुकला स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याच्या फ्रेमची दांडी जागच्या जागी घट्ट करून दिली. पहारेकऱ्यानं मग त्यांना बसायला स्वतःचं स्टूल आणून दिलं. त्या स्टुलावर ते म्युझियम बंद होईपर्यंत एकाच चित्रासमोर बसले होते.

"तिथे बाई दिसली?" मी चेष्टेनं विचारलं.

"तिथं नाय शोधली," ते गंभीरपणे म्हणाले. "ती याच चित्रात हाय."

शेवटी एका शनिवारी मी हट्टालाच पेटले. गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हटलं, "कादरभाई, ती वही दाखवा. माझ्याबद्दल काय लिहिलंत ते कळल्याशिवाय मी आज उठणार नाही."

त्यांनी जरा आढेवेढे घेतले आणि वही माझ्यापुढे सरकवली. आत पानंच्या पानं भरलेली. कुणी काय सांगितलं आणि कादरभाईंनी स्वतः भिंग लावून काय पाहिलं, याची नोंद. मी वाचायला लागले.

'कंपनीतले, सेकंड शिफ्टवाले. बाई झाडामागे. पाहिलं. झाडामागे डोंगर.'

'खांबचे शेतकरी. बाई घोड्यावर. पाहिलं. घोड्यावर खोगीर.'

'वडखळचे दुकानदार. मोरचेलवाला हीच बाई. पाहिलं. त्याला मिशा आहेत.'

'कचेरीतले कारकून. बाई आज रजेवर. यांना पुन्हा विचारू नये.'

मी हसून हसून बेजार झाले. मग माझी नोंद सापडली. 'पेणच्या बाई. नाही म्हणाल्या. खरं बोलल्या.'

ते वाचून माझं हसू थांबलं. मी विचारलं, "कादरभाई, चित्रात बाई आहे असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"आमच्या मरियमनं," ते म्हणाले.

मरियम त्यांची बायको. ती जाऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. लग्नाआधी ती बापाबरोबर या दुकानात गिऱ्हाईक म्हणून आली होती. जवळचं काही दिसत नाही ही तक्रार. बोट कापून घेतलेलं, त्याला चिंधी बांधलेली. कादरभाई तेव्हा तरुण होते, दुकान नवं होतं आणि चित्र त्याहून नवं होतं. त्यांनी तिच्या हातात पुठ्ठा दिला आणि काय दिसतं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "एक बाई दिसते."

"कुठं?" कादरभाईंनी विचारलं.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. बाप ओरडला तरी हसू थांबेना. काही सांगितलं नाही. चष्मा घेऊन गेली.

"मला काय चैन पडंना," कादरभाई म्हणाले. "फ्रेमचा स्क्रू बघून येतो म्हणून तिच्या गावाला गेलो. मग दांडी बघून येतो म्हणून गेलो. तिसऱ्या खेपेला तिचा बाप म्हनला, चष्मा एवढा खराब असंल तर तो नि ती दोन्ही घेऊनच जा."

लग्न झालं. लग्नानंतर पहिल्याच दिवशी त्यांनी चित्र घरी नेलं आणि तिच्यापुढे धरलं. म्हणाले, आता दाखव बाई. ती चष्मा सारखा करत म्हणाली, "आता कशी दिसंल?" आणि पुन्हा हसली. पुढे कितीदा विचारलं तरी तेच. "तुम्ही चष्मेवाले ना? शोधा की." संसार चालला, मुलगा झाला, आणि हा खेळ तसाच चालू राहिला. कादरभाई रोज नवी जागा सांगायचे, ती रोज मान हलवायची. मग एका वर्षी तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत मरियम गेली.

"शेवटच्या दिवशी मी इचारनार होतो," ते म्हणाले. "पन वाटलं, ताप उतरल्यावर इचारू. घाई कसली?"

त्यांनी वही ड्रॉवरमध्ये ठेवली. त्यानंतर मी त्या वहीची कधी चेष्टा केली नाही, आणि घरी मात्र शाळेच्या भिंगानं मासिकांतली तसली चित्रं बघायला लागले.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका शनिवारी गेले तर सुतळीवरच्या निम्म्या फ्रेमा उतरवलेल्या. त्यांचा मुलगा कुवेतला नोकरीला होता. तो सुट्टीवर येऊन गेला होता आणि त्यानं ठरवून टाकलं होतं, की अब्बांनी आता एकटं राहायचं नाही, महिनाअखेरीला दुकान बंद करून कुवेतला यायचं. मुलगा चांगला होता. सून चांगली होती, नातूही होता. नाही म्हणायला जागाच नव्हती.

"दुकान गेल्याचं काय वाटत नाय मला," कादरभाई म्हणाले. चित्र त्यांनी हातात धरलेलं होतं. "पन तिथं मी इचारनार कुनाला? घरात इनमीन तीन मानसं. तिघांना इचारून झालंय. हितं रोज कोन ना कोन नवा येतो. उद्या येनाऱ्याला दिसंल, परवा येनाऱ्याला दिसंल, असं करत मी दिवस काढले. आता उद्याच नाय."

त्या क्षणी मला इतकं वाईट वाटलं की मी वाट्टेल ते थापून द्यायला तयार होते. बाई या इथे आहे, असं म्हणून बोट ठेवावं असं मनात आलं. पण माझ्या नावापुढे त्या वहीत 'खरं बोलल्या' असं लिहिलेलं होतं.

घरी येऊन मी विचार केला, आपण निदान एक नवं गिऱ्हाईक तरी आणू शकतो. माझी आई.

आई पेणला असते. जन्मभर पापड लाटले तिनं, घरचे आणि दारचेही. डोळे कधीचे गेले होते, म्हणजे जवळचं काही दिसत नसे, पण मान्य करायची नाही. सुई ओवायला रस्त्यावरच्या माणसाला हाक मारायची आणि वर सांगायची की आजकाल सुयांना भोकंच बारीक ठेवतात. चष्मा म्हटलं की तिला राग यायचा. आणखी तिची एक खोड म्हणजे खुर्ची असो, बाक असो, एसटीतली सीट असो, ती बसायची एक पाय दुमडून आणि दुसरा गुडघा वर घेऊन. चारचौघांत मला लाज वाटायची. कितीदा सांगितलं असेल, आई, पाय खाली सोड.

मी रविवारी पेणला गेले आणि तिला म्हटलं, "रोह्याला चल, एक गंमत दाखवते." दुकान तेवढ्यासाठी उघडं ठेवायला कादरभाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. एसटी वडखळला अर्धा तास अडकली, तेवढ्यात तिनं मला तीनदा खोदून विचारलं, गंमत म्हणजे चष्मा नाय ना गो? मी तीनदा नाही म्हटलं. खोटं बोलले, पण ते वहीत जाणार नव्हतं.

दुकानात शिरल्यावर तिनं सुतळीवरच्या फ्रेमा पाहिल्या आणि माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की पंचेचाळीस मुलांच्या वर्गावर ओरडणारी मी गप्प झाले. पण कादरभाईंनी, "या मावशी, बसा. चष्मा नाय देत मी कुनाला जबरदस्तीनं, नुसतं चित्र बघा," असं म्हटल्यावर ती बाकावर बसली. गुडघा वर. मी भिंतीकडे पाहिलं.

कादरभाईंनी अजून फ्रेम चढवली नव्हती. नुसता पुठ्ठा तिच्या हातात दिला आणि नेहमीसारखं म्हणाले, "काय दिसतं ते सांगा."

आईनं चित्र जवळ नेलं, लांब नेलं, मान वाकडी केली.

"बाई दिसते," ती म्हणाली.

कादरभाईंनी तोवर बाईबद्दल विचारलंसुद्धा नव्हतं.

"कुठं?" ते म्हणाले.

"कुठं म्हंजे? ही काय मधोमध ढळढळीत बसलीय! विळीवर बसलीय. डोक्यावर पदर हाय, गुडघा वर हाय, म्होरं विळी, बाजूला परात. मासळी कापत असंल नायतर भाजी. आनी हा पुढ्यात वाकलेला तिचा नवरा. जेवायला येळ हाय का म्हून इचारतोय. भुकेला दिसतो बिचारा."

मला आधी हसू फुटलं. "आई, अगं तो साधू आहे! आणि नवरा काय म्हणतेस, तो बादशहा—"

कादरभाईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला. त्यांनी गोल फ्रेम उचलली, आईच्या नाकावर ठेवली. एक भिंग सरकवलं, मग दुसरं.

"आता बघा मावशी."

"अगो बाई!" आई ओरडली. "हा तर बुवा हाय! म्हाताराच हाय की. आनी विळी नाय ती, ती कुबडी हाय. बैरागी हात टेकायला ठेवतात ना, तसली. परात कुठली, भिक्षेचं भांडं हाय."

"आनी मघाची बाई?" कादरभाईंनी विचारलं. "ती कुठं गेली, मावशी?"

"आता कशी दिसंल?" आई म्हणाली. "तुम्हीच काच लावलीत ना!"

कादरभाई जागच्या जागी उभे राहिले. मरियमचं वाक्य माझ्या आईच्या तोंडून आलं होतं, अगदी शब्दाला शब्द, आणि आईला त्याचा पत्ताही नव्हता.

मग त्यांनी पुठ्ठा आईच्या हातातून अलगद घेतला. गळ्यातला चष्मा दोरीसकट काढून काउंटरवर ठेवला. कपाळावरचा काढला. आणि शेवटी नाकावरचाही. एवढ्या दिवसांत मी त्यांचा उघडा चेहरा कधी पाहिला नव्हता. चष्मा काढला तर आपल्याला आपलं दुकानसुद्धा ओळखू येणार नाही, असं ते नेहमी सांगत. भिंगामागे मोठे दिसणारे डोळे बारीकसे होते, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना खोल वळ पडले होते.

त्यांनी चित्र डोळ्यांसमोर धरलं. जरा लांब केलं. त्यांचे ओठ हलले.

"बसलीय," ते म्हणाले.

मी पुढे झाले, पण माझ्या नाकावर माझा चष्मा होता. मला साधूच दिसला. मी चष्मा काढला. माळ गेली, मणी गेले, ठिगळं गेली. झाडाखाली एक बाई विळीवर बसली होती. तिचं बसणं मी जन्मापासून पाहत आले होते. मी ओट्याशी उभी राहून सुरीनं चिरणारी झाले, म्हणून मला ते आठवलं नाही.

"बोट विळीनंच कापलं होतं तिचं," कादरभाई चित्राकडे बघतच बोलत होते. "नीट दिसत नव्हतं म्हणून. तीच चिंधी बांधून आली होती. तिनं सांगितलंच होतं, बाई. 'आता कशी दिसंल' म्हनाली ती. मला वाटलं, थट्टा करते. मी आपला भिंग घेऊन झाडामागं शोधत बसलो. नि ही घरात रोज अशी म्होरं बसायची. मी दुकानातनं यायचो नि असाच वाकून इचारायचो, काय केलंस गो आज?"

त्यांनी बोट बादशहावर ठेवलं. अंदाजानंच ठेवलं, पण बरोबर पडलं.

"हा मी," म्हणाले.

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवायला चष्माही नव्हता. कादरभाई रडत नव्हते. ते हसत होते, आणि हसताना खूप तरुण दिसत होते. पुठ्ठा दोन्ही हातांत धरून ते नुसते बघत राहिले. वही काढली नाही, लिहिलं काही नाही.

असा बराच वेळ गेला. आईच्या नाकावर अजून ती जड फ्रेम तशीच होती. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, कादरभाईंकडे पाहिलं, आणि पिशवी उचलून उठायला लागली.

"काय गो, झालं ना?" ती माझ्या कानाशी म्हणाली. "किती येळ बघनार हे? पेनची गाडी जाईल आपली."

"थांब गो आई," मी म्हटलं. "बादशहाला घाई नाय."

ती पुन्हा बाकावर बसली, एक पाय दुमडून, एक गुडघा वर घेऊन. मी तिला काही बोलले नाही.